पन्नास ओहमचा आकडा हँडीत कुठून आला?

हँडी म्हणजे हातातला रेडिओ. त्याचं मॅचिंग, म्हणजे सेट आणि अँटेना यांचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध, ओहममध्ये) जुळवणं, अवघड झालं ते मुळात अँटेनाच्या लांबीमुळे. दुसऱ्या महायुद्धात गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंगने (पुढची मोटोरोला) अमेरिकी सैन्यासाठी एससीआर-५३६ हा हातात धरायचा सेट बनवला. तो ३.५ ते ६ मेगाहर्ट्झवर चाले. तिथे पाव तरंगलांबी म्हणजे साडेबारा ते एकवीस मीटर, आणि सेटला दांडी जेमतेम मीटरभर. ती बाहेर ओढली की सेट चालू. वेगळा स्विच नव्हताच. एवढ्या आखूड दांडीचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बनून बाहेर जाणाऱ्या पॉवरचं माप) एक ओहमसुद्धा भरत नाही, उलट कपॅसिटिव्ह रिॲक्टन्स (पॉवर न खाता प्रवाहाला होणारा कपॅसिटरसारखा विरोध) प्रचंड. तो मारायला लोडिंग कॉइल, म्हणजे अँटेनाला जोडलेलं तारेचं वेटोळं, आली. पण रिॲक्टन्स गेला तरी कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स उरतोच, आणि मूळच्या ०.३६ वॅटमधली बरीच पॉवर तिथेच तापून जाते. जमिनीवर पल्ला फार तर मैलभर.

खरा उतार पडला तो फ्रीक्वेन्सी वर सरकल्यावर. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी अर्धा मीटर भरते. तीही खिशाला जड, म्हणून तार स्प्रिंगसारखी गुंडाळून रबरात घातलेली 'रबर डक' रूढ झाली. रेडिओ अभियंते हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्येच दाखवलं होतं की अँटेना लहान करायची तर बँडविड्थ (ती चालते त्या फ्रीक्वेन्सी पट्ट्याची रुंदी) किंवा कार्यक्षमता, काहीतरी सोडावं लागतं. रबर डक दोन्ही थोडं थोडं सोडते.

सेट आणि अँटेना ज्या इम्पिडन्सवर जुळवायचे, तो पन्नास ओहमचा आकडा तर केबलच्या जगातला. हवा भरलेल्या कोॲक्समधून (मधे तार आणि भोवती धातूचं आवरण असलेली केबल) जास्तीत जास्त पॉवर ३० ओहमच्या आसपास जाते, सर्वांत कमी लॉस ७७ ओहमला. पन्नास ही मधली तडजोड. हँडीत अँटेनापर्यंत लांब केबल नसतेच, तरी मोजमापाची उपकरणं आणि बदलता येणाऱ्या अँटेना यांच्या सोयीसाठी आकडा टिकला. पाव तरंगलांबीची दांडी आदर्श ग्राउंडवर (प्रवाहाची परतीची बाजू) सुमारे ३६ ओहम दाखवते. पण हँडीला ग्राउंड कुठला? सेटची चेसिस आणि धरणाऱ्याचा हात, एवढाच. त्यामुळे पकड बदलली की इम्पिडन्सही हलतो. कित्येक हॅम (हौशी रेडिओवाले) अँटेना कनेक्टरच्या बाहेरच्या भागाला पाव तरंगलांबीची वायर लोंबती ठेवतात, 'टायगर टेल', ती याचसाठी. नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या उपकरणाला लांब केबल लावून रबर डक मोजली, तर केबलची जाळीच ग्राउंड बनते आणि छान दिसणारा एसडब्ल्यूआर (मॅचिंग किती जुळलं याचा आकडा) हातात धरलेल्या सेटला लागू पडत नाही.