चिरणारा क्लीव्ह, चिकटणारा क्लीव्ह

1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलातल्या दोन जागा शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम होमासाठी लाकडं फोडतो. रूथच्या पहिल्या अध्यायात अर्पा सासूचा निरोप घेऊन माहेरच्या वाटेला लागते, पण रूथ सासूला बिलगून राहते. फोडण्याची क्रिया आणि बिलगण्याची क्रिया, दोन्हींसाठी इंग्रजीत एकच भूतकाळी रूप छापलेलं आहे: 'क्लेव्ह'. मूळ क्रियापद 'क्लीव्ह'. आजच्या इंग्रजीत ते फारसं कानावर पडत नाही. मात्र वाचनात आलं तर नेमका उलटा अर्थ लागण्याची भीती असते, आणि लिहायला घेतलं तर भूतकाळाची चार रूपं समोर उभी राहतात.

एकाच शब्दाला दोन विरुद्ध अर्थ फुटले, असं इथे घडलेलं नाही. ही मुळात दोन वेगळी क्रियापदं आहेत. चांगल्या इंग्रजी कोशात त्यांच्या नोंदीही 1 आणि 2 असे आकडे घालून स्वतंत्र दिलेल्या असतात. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत चिरण्याला 'क्लेओव्हन' आणि चिकटण्याला 'क्लिव्हिअन' म्हणत. या दुसऱ्याचंच 'क्लेओव्हिअन' असंही एक रूप होतं. मध्ययुगात शेवटची अक्षरं झिजली, स्वर सरकले आणि दोघांचा उच्चार एक झाला. कुळं मात्र निराळीच. चिरणारा क्लीव्ह ग्रीकमधल्या 'कोरणे' या अर्थाच्या धातूचा नातेवाईक आहे. 'हायरोग्लिफ' या शब्दातला 'ग्लिफ' तोच. चिकटणाऱ्या क्लीव्हचं नातं 'क्ले' म्हणजे चिकणमातीशी आणि 'ग्लू' म्हणजे सरसाशी आहे.

दोघांची रूपं चालवण्याची पद्धतही वेगळी होती. चिकटणारा साधा होता: शेवटी द-कारी प्रत्यय लावला की भूतकाळ तयार. चिरणारा त्या क्रियापदांपैकी होता ज्यांच्या पोटातला स्वर बदलतो. इंग्रजी व्याकरणात त्यांना 'स्ट्राँग' म्हणतात आणि त्यांचे सात वर्ग मानतात. क्लेओव्हन दुसऱ्या वर्गातला. 'तो चिरतो' या अंगाचा स्वर एक, 'त्याने चिरलं' याला 'क्लेआफ', 'त्यांनी चिरलं' याला 'क्लुव्हन' आणि चिरलेल्या वस्तूला 'क्लोव्हेन'. फ्रीझ आणि चूझ ही त्याच वर्गातली भावंडं.

संस्कृत थोडंफार वाचलेल्या माणसाला ही स्वरांची हालचाल ओळखीची वाटेल. जुन्या इंग्रजीत याच दुसऱ्या वर्गातलं 'बेओदन' नावाचं एक क्रियापद होतं, अर्थ जाहीर करणे, आज्ञा देणे. त्याची रूपं 'बेओदन, बेआद, बुदन, बोदेन'. हा आपल्या बुध् धातूचा सख्खा भाऊ. संस्कृतात वर्तमानकाळ बोधति, परोक्ष भूतकाळाचं एकवचन बुबोध, अनेकवचन बुबुधुः. एकवचनात भरलेला स्वर आणि अनेकवचनात आखडलेला, हे दोन्हीकडे तसंच्या तसं आहे. धातूची द्विरुक्ती, म्हणजे बुबोधमधला सुरुवातीचा बु, जुन्या इंग्रजीच्या रूपांत आधीच गळालेली होती, आणि पुढे इंग्रजीने एकवचन-अनेकवचनातला फरकही सोडून दिला. 'क्लोव्हन'च्या शेवटी येणारा न हा छिन्न, भिन्न यांतल्या नच्याच घराण्यातला आहे. इंग्रजीची 'अनियमित' म्हणून घोकायला दिलेली ही रूपं एका फार जुन्या, शिस्तशीर व्यवस्थेचे अवशेष आहेत. शाळेत हे एका तासात सांगता येईल, आणि ते सांगितलं जावं असं मनापासून वाटतं.

मग भूतकाळाची इतकी रूपं आली कुठून? एकवचन-अनेकवचनाचा भेद गेला आणि एकच रूप ठेवायची वेळ आली, तेव्हा बोलणाऱ्यांनी जवळच्या ओळखीच्या क्रियापदांचं वळण गिरवलं. स्पीकचा भूतकाळ तेव्हा 'स्पेक' होता, त्या वळणावर क्लीव्हचं 'क्लेव्ह' झालं. पुढे स्पीकचं 'स्पोक, स्पोकन' रुळलं, आणि फ्रीझचं 'फ्रोझ, फ्रोझन' होतंच. त्या वळणावर 'क्लोव्ह, क्लोव्हन' आलं. तिसरा साचा 'लीव्ह, लेफ्ट'चा: स्वर आखूड करायचा आणि शेवटी ट लावायचा. त्यातून 'क्लेफ्ट' निघालं. चौथं रूप सरळ नियमाचं, 'क्लीव्ह्ड'. एकाने दुसऱ्याला हुसकावून लावलं असं झालं नाही. ही रूपं शतकानुशतकं शेजारी शेजारी नांदली.

या गर्दीत चिकटणाराही ओढला गेला. त्याचा खरा भूतकाळ 'क्लीव्ह्ड'. पण वर्तमानकाळी रूप आता एकच झाल्याने लोक त्यालाही चिरणाऱ्याचं 'क्लेव्ह' लावू लागले. रूथच्या वाक्यात तेच झालं आहे. गंमत अशी की त्याच किंग जेम्स बायबलात ईयोबाच्या 29व्या अध्यायात सरदारांची जीभ टाळूला चिकटते, तिथे 'क्लीव्ह्ड' छापलं आहे. एका ग्रंथात, एका अर्थाला, दोन रूपं.

तरीही नीट पाहिलं तर वाचकाचा घोटाळा होत नाही, कारण अर्थ ठरवण्याचं काम क्रियापदापेक्षा त्याच्या शेजारचे शब्द करतात. चिकटणाऱ्या क्लीव्हला 'टू' किंवा जुन्या भाषेत 'अंटू' लागतंच. कशाला चिकटला ते सांगावं लागतं. चिरणारा एकतर थेट कर्म घेतो, म्हणजे लाकूड, खडक, कवटी, नाहीतर 'असंडर', 'इन ट्वेन' अशा दुभंगदर्शक शब्दांबरोबर येतो. गणनाच्या सोळाव्या अध्यायात जमीन दुभंगते तिथे 'क्लेव्ह असंडर' आहे. स्तोत्र 137मध्ये जीभ टाळूला चिकटो अशी शपथ आहे, तिथे 'टू' आहे. जुना मजकूर वाचताना क्रियापदावर डोकं खाजवत बसू नये, पुढचे दोन-तीन शब्द आधी पाहावेत. कर्म नाही आणि 'टू'ही नाही, तर बहुधा चिरणंच.

शेक्सपिअरमध्ये दोन्ही क्लीव्ह भेटतात, आणि कोणतं रूप कुठे येतं ते पाहण्यासारखं आहे. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात चौथ्या प्रवेशात राणी गर्ट्रूड मुलाला म्हणते की तू माझ्या काळजाचे दोन तुकडे केलेस. तिथे 'हॅस्ट' म्हणजे 'हॅव'च्या जुन्या रूपाच्या जोडीला 'क्लेफ्ट' आहे. हॅम्लेट तो शब्द तसाच उचलतो: त्यातला वाईट तुकडा फेकून दे आणि उरलेल्या अर्ध्यासह अधिक निर्मळ जग. क्लेफ्टमध्ये दोन भाग स्पष्ट दिसतात, म्हणून हे उत्तर बसतं. नुसतं 'ब्रोकन' असतं तर तुकडे किती, हेच कळलं नसतं. 'किंग लिअर'मध्ये विदूषक राजाला सुनावतो की तू आपला मुकुट मधोमध चिरलास आणि दोन्ही भाग देऊन टाकलेस. तिथे भूतकाळ 'क्लोव्ह', त्याला 'दाऊ' म्हणजे जुन्या इंग्रजी 'तू'चा प्रत्यय लागून 'क्लोव्हेस्ट' झालेलं. 'द टेम्पेस्ट'मध्ये एरिएलला चेटकिणीने चिरलेल्या पाइनच्या झाडात बारा वर्षं कोंडलेलं असतं, ते झाड 'क्लोव्हन'. आणि 'मॅकबेथ'मध्ये बँको म्हणतो की नवा मान नव्या कपड्यासारखा असतो, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाही. तो 'बसणारा' क्लीव्ह चिकटणाऱ्यांतला, आणि त्याच्यामागे 'टू' हजर आहे.

आज हे क्रियापद मागे पडलं याचं कारण त्याच्या वापरात आहे. लाकूड फोडायला 'स्प्लिट' आला, जो सोळाव्या शतकाच्या अखेरीस डचमधून इंग्रजीत शिरला. चिकटायला 'स्टिक' आणि 'क्लिंग' होतेच. विसाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलांत रूथ बहुतेक ठिकाणी क्लिंगच्या भूतकाळाने सासूला बिलगते. वापर घटला की अनियमित रूपं टिकत नाहीत, आणि हे मोजूनही पाहिलेलं आहे. 2007 साली 'नेचर'मध्ये एरेझ लीबरमन, मार्टिन नोवाक आणि सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा माग काढला. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी 145 अनियमित राहिली होती, आज 98 आहेत. नियमित होण्याचा वेग वापराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात निघाला, म्हणजे एखादं क्रियापद शंभर पट कमी वापरलं जात असेल तर ते दहा पट वेगाने नियमित होतं. कारण साधं आहे: रोज कानावर पडणारं वेडंवाकडं रूप मूल ऐकून शिकतं, वर्षातून एकदा पडणारं रूप ते नियमाने घडवतं. मराठीतही सर्वात आडवळणाची रूपं कोणती, तर गेला, आला, झाला, केला, दिला. सगळी दिवसभर तोंडात असणारी.

या नियमातून एक पळवाट मात्र आहे. क्रियापद नियमित झालं तरी त्याचं जुनं धातुसाधित विशेषण एखाद्या नामाला चिकटून टिकू शकतं. मेल्टचा भूतकाळ आता सरळ 'मेल्टेड', पण वितळलेला धातू अजून 'मोल्टन'. उकळणे या अर्थाच्या 'सीद'चं जुनं रूप 'सॉडन' आता फक्त चिंब भिजलेल्या वस्तूला लावतात. क्लीव्हचंही तसंच झालं, आणि इथे अदलाबदल अजिबात चालत नाही. दुभंगलेला ओठ आणि टाळू 'क्लेफ्ट', खळी पडलेली हनुवटी 'क्लेफ्ट', कात्रीत सापडल्याचा वाक्प्रचार 'क्लेफ्ट स्टिक'. गाई-बकऱ्यांचा दुभागलेला खूर मात्र 'क्लोव्हन', आणि प्रेषितांवर उतरलेल्या अग्नीच्या दुभागलेल्या जिभाही 'क्लोव्हन'. 'क्लोव्हन पॅलेट' लिहिलं तर अर्थ कळेल, पण कोणताही डॉक्टर तसं लिहिणार नाही.

विज्ञानाने नियमित रूप उचललं. इको-आर-वन हे विकर (एन्झाइम) डीएनएमधला जीएएटीटीसी हा क्रम शोधून जी आणि पहिल्या एच्या मध्ये साखळी तोडतं. प्रयोग झाल्यावर शोधनिबंधात ती साखळी 'क्लीव्ह्ड' असते. तिथे क्लोव्हन लिहिलं तर संपादक खोडतील. खनिजशास्त्रातलं 'क्लीव्हेज', मराठीत पाटन, म्हणजे खनिजाचं ठरावीक सपाट पृष्ठांवरच फुटणं. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारा कॅल्साइट हातोडीने हलकेच फोडून पाहावा. तुकडा कितीही लहान झाला तरी तिरप्या पेटीसारखाच निघतो, कोपरे सुमारे 75 आणि 105 अंशांचे, कारण स्फटिकातले कमजोर थर तीनच दिशांना असतात. हिऱ्यात अशा दिशा चार. 1908 साली ॲमस्टरडॅममध्ये जोसेफ ॲशर यांनी 3,106 कॅरटचा कलिनन हिरा फोडला तो असाच: पाटनाच्या दिशेने खाच पाडून, तिच्यात पोलादी पातं बसवून, घाव घालून.

इंग्रजीत लिहिताना मग काय करावं? चिरण्याच्या अर्थाने साध्या गद्यात भूतकाळ 'क्लीव्ह्ड' ठेवावा, कथा-कवितेत कुऱ्हाड चालत असेल तर 'क्लोव्ह' किंवा 'क्लेफ्ट' दोन्ही शोभतात. 'हॅज'नंतर 'क्लोव्ह' घालू नये, तिथे 'क्लोव्हन', 'क्लेफ्ट' किंवा 'क्लीव्ह्ड'. उलट नुसत्या भूतकाळात 'क्लोव्हन' चुकतं, ते धातुसाधित आहे. 'क्लेव्ह' 1611च्या भाषेची नक्कल करायची असेल तरच. चिकटण्याच्या अर्थाने 'क्लीव्ह्ड टू' सोडून काहीही लिहू नये. क्लेफ्ट आणि क्लोव्हन मुळात त्या क्रियापदाचे नव्हते.

इंग्रजी पाककृती मराठीत आणणाऱ्यांचीही इथे एक चूक होते. लसणाचा 'क्लोव्ह' चिरणाऱ्या क्लीव्हच्या कुटुंबातला आहे, कारण गड्डा पाकळ्यांत दुभागतो. मसाल्याचा 'क्लोव्ह' फ्रेंचमधल्या खिळा या अर्थाच्या शब्दावरून आला, लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून. पुढे 'ऑफ गार्लिक' असेल तर पाकळ्या. नुसतं 'क्लोव्ह्ज' असेल, आणि यादीत शेजारी दालचिनी-वेलची असेल, तर लवंगा.