किलिन (स्कॉटलंड) : गाव आणि आसपासची भटकंती

किलिन हे लॉख टे या लांबलचक तळ्याच्या पश्चिम टोकाला वसलेलं छोटं गाव (लॉख म्हणजे तळं). जुन्या पर्थशर परगण्यातलं, आता कारभार स्टर्लिंग काउन्सिलकडे, आणि २००२ पासून लॉख लोमंड अँड द ट्रॉसक्स नॅशनल पार्कमध्ये येतं.

इथे आलं की पहिल्यांदा दिसतं ते पाणीच. डॉखर्ट नदी गावातल्या दगडी पुलाच्या इथे खडकांवरून फुटत फुटत धावते, हेच डॉखर्टचे धबधबे. उंचावरून पडणारी धार नाहीये ही, पसरट खडकांमधून वाट काढत जाणारा पांढरा लोंढा आहे आणि पाऊस होऊन गेला की त्याच्यासारखं सुंदर दृश्य नाही. पुलाखालच्या इंचबुई बेटावर मॅकनॅब घराण्याची जुनी दफनभूमी आहे.

डोंगर चढणाऱ्यांसाठी बेन लॉअर्स (१,२१४ मीटर). ३,००० फुटांवरच्या स्कॉटिश शिखरांना मन्रो म्हणतात, त्यातलंच हे एक. पूर्वी हा डोंगर ४,००० फुटांच्या वर आहे असंच लोक धरून चालायचे, मोजणीत थोडा कमी भरला म्हणून १८७८ मध्ये काही जणांनी माथ्यावर दगडांचा मोठा ढीग रचून ती कसर भरून काढली, पण नकाशावाल्यांनी काही तो मोजला नाही! डोंगराचा खडक चुनखडीयुक्त असल्याने इथे थंड प्रदेशातली दुर्मिळ रानफुलं उगवतात, आणि मेंढ्या-हरणांनी ती खाऊन टाकू नयेत म्हणून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने काही भागाला कुंपण घातलंय. त्यामुळे नुसती चढाई करून परत फिरू नका, खाली वाकून बघत बघत जा. शेजारची तारमाखनची धार जास्त खडकाळ आहे, ती सरावलेल्यांनीच करावी. हवा तासाभरात पालटते, म्हणून नकाशा, होकायंत्र आणि रेनकोट उन्हाळ्यातही हवेच.

ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी रॉब रॉय वे आहे, ड्रिमेन ते पिटलॉखरी अशी लांब पल्ल्याची पायवाट, ती किलिनमधून जाते. ग्लेन ओगल या दरीत ही वाट जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाते. तिथे १९६५ मध्ये दरड कोसळली आणि गाड्या कायमच्या थांबल्या, आता त्याच कमानींच्या पुलावरून लोक चालतात, सायकली चालवतात.

तळ्यात कयाक, बोटी, आणि मासेमारी. टे नदीच्या खोऱ्यात सॅमनचा हंगाम १५ जानेवारीला सुरू होतो, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत! २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने कुठेही फिरायचा हक्क आहे, पण मासेमारी त्यात येत नाही, त्याचं परमिट वेगळं काढावं लागतं. पार्कातल्या काही तळ्यांकाठी मार्च ते सप्टेंबर तंबू लावायलाही परमिट लागतं.

उन्हाळ्यात मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे येतात, संध्याकाळी वारा पडला की जास्तच. जाळीची टोपी जवळ ठेवा.

पावसाचा दिवस असेल तर गावाबाहेर मॉयरलॅनिकचं जुनं लांबट घर बघा (आधी उघडं आहे का ते विचारून जा). एकाच छपराखाली माणसं आणि गुरं राहायची असं हे १९व्या शतकातलं घर, आणि १९६८ पर्यंत तिथे खरंच लोक राहत होते.