मागचं काम आठवतं, तरी अंदाज का चुकतो?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं स्टॉक-बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी देणार होतो. तसंच एक काम आधी 6 आठवड्यांत झालं होतं, म्हणून तेवढेच धरले. प्रत्यक्षात ते सुरू झालं रंगपंचमी उलटल्यावर. या कारखान्याचा माल नगावर, डझनावर आणि किलोवर, अशा तिन्ही हिशेबांनी विकला जायचा. हे आम्ही विचारलंच नव्हतं.

कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या चुकीला मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी 1979 साली नाव दिलं. मराठीत त्याला नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. 1994 मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध कधी पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. लागले 55 च्या वर. स्वतः सांगितलेल्या मुदतीत जेमतेम 30 टक्के पोहोचले.

या मुलांनी आधी कधी उशीर केला नव्हता असं थोडंच आहे! पण मागच्या उशिराचं खापर आपण त्या वेळच्या अडचणींवर फोडतो: तेव्हा लाइट गेली होती, तेव्हा माणूस आजारी पडला होता. यंदा तसं होणार नाही, असं मनाला खरंच वाटतं. ब्यूलर यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात नुसत्या आठवणीने अंदाज सुधारला नाही. मागचा अनुभव हातातल्या कामाशी जोडून बघायला लावलं, तेव्हाच तो सुधारला.

त्यातही कोणतं काम आठवतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आम्हाला आठवलं ते सुरळीत पार पडलेलं. त्या मालकांनी सगळ्या मालाची यादी आधीच तयार ठेवली होती. असं नशीब दर वेळी लाभत नाही. नॉर्वेचे संशोधक माग्ने योर्गेनसेन सॉफ्टवेअरच्या अंदाजांचाच अभ्यास करतात. 2003 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलं, की जुळणारं जुनं काम फारच झटपट झालेलं असेल, तर त्यावरून काढलेला आकडा इतर कामांच्या सरासरीकडे सरकवावा. जुळणी जितकी सैल, तितका जास्त.

आता आम्ही वही ठेवतो. सांगितलेले दिवस, लागलेले दिवस, दोन्ही. मधेच सोडून द्यावी लागलेली दोन कामंही तिच्यात आहेत. पोरं आधी ती लिहायलाच तयार नव्हती.