'अर्धी' गोळी की 'आधी' गोळी?

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक निरोप आला : 'उद्या सकाळी ११ ते ५ पानी येनार नाही, टाकी साफ करनार.' पाण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, कारण निरोप सगळ्यांना कळला होता. 'आधी शुद्ध लिहायला शिका' हे उत्तर मात्र दोन मिनिटांत आलं आणि त्याला भराभर अंगठेही मिळाले. लिहिणारा आमचा पंप चालवणारा माणूस. त्या दिवसापासून तो ग्रुपवर लिहीत नाही, लिफ्टजवळच्या फळ्यावर खडूने लिहितो. मला ते फार लागलं.

त्याची बाजू घ्यायला म्हणून एकाने लगेच तो जुना फॉरवर्ड टाकला : केंब्रिज विद्यापीठाने सिद्ध केलंय की शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की पुरे, मधली कशीही फिरवा, मेंदू सहज वाचतो. म्हणजे शुद्धलेखन ही फुकाची कटकट! हा मजकूर २००३ पासून फिरतोय आणि असं संशोधन केंब्रिजमध्ये झालेलं नाही. मूळ धागा सापडतो तो ग्रॅहम रॉलिन्सन यांच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या १९७६ च्या प्रबंधात. पुढे २००६ मध्ये कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. मधली अक्षरं फिरवली तर वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटला, शब्दाच्या शेवटची फिरवली तर २६ आणि सुरुवातीची फिरवली तर ३६ टक्क्यांनी. वाचता येतं, पण फुकट नाही. शिवाय इंग्रजीतले दोन-तीन अक्षरी शब्द त्या खेळात जसेच्या तसे राहतात आणि वाक्याचा सांगाडा धरून ठेवतात. आपल्याकडे तो सांगाडा शब्दाच्या शेपटीला चिकटलेला असतो. 'समोरच्यांनासुद्धा' या एका शब्दाची मधली अक्षरं फिरवून बघा.

मग चुकीचा त्रास कधी होतो आणि कधी होत नाही? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर भाषेच्या नव्हे, टेलिफोनच्या अभ्यासातून आलं. अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजायची रीत मांडली. कल्पना अशी की जे आधीच ओळखता येतं त्यात माहिती नाही. 'चहात साख_ जास्त झाली' इथे 'र' तुम्ही स्वतःच भरलात, म्हणजे त्या 'र'ने नवं काही सांगितलं नाही. दोन सारख्या शक्यतांतली एक कळली तर १ बिट माहिती, आठांतली एक कळली तर ३ बिट, १०२४ मधली एक कळली तर १० बिट. संभाव्यतेचा व्यस्त घ्यायचा (१/८ चा ८) आणि त्याचा २ या पायाचा लॉगॅरिथम काढायचा, म्हणजे २ चा कितवा घात केला की ती संख्या येते ते बघायचं. १९५१ च्या निबंधात शॅननने हा अंदाजाचा खेळच खेळून दाखवला : इंग्रजी मजकुराच्या १२९ अक्षरांपैकी (शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून) ८९ वाचकाला पहिल्याच फटक्यात ओळखता आली. म्हणजे छापलेल्या मजकुरात बरंच काही 'शिल्लक' असतं. शास्त्रात तिला रिडंडन्सी म्हणतात, मी शिल्लकच म्हणतो. मजकूर वाटेत खराब झाला तर तो सावरायला हीच गंगाजळी उपयोगी पडते.

ती ऐकायची असेल तर संध्याकाळी दादरच्या पुलावर उभं राहा. घोषणा चालू असताना खालून फास्ट गाडी धडधडत जाते. 'येणारी लोकल', 'जलद', 'थांबणार नाही' हे तुकडे अर्धवट कानावर पडले तरी पुरे होतात, कारण ते रोजचेच. बुडतो तो नेमका फलाटाचा क्रमांक, कारण त्याचा अंदाज बाकीच्या वाक्यावरून येत नाही. मग माणसं एकमेकांना विचारतात, 'कितीवर? कितीवर?'

मराठी व्याकरण तर शिलकीच्या बाबतीत श्रीमंत आहे. 'माझी धाकटी बहीण काल आली होती.' या वाक्यात स्त्रीलिंग पाच वेळा सांगितलंय : माझी, धाकटी, बहीण, आली, होती. एखाद्याने घाईत 'माझा' लिहिलं तरी उरलेले चार साक्षीदार उभे आहेत. 'पानी येनार नाही' मध्येही तेच. 'येनार' हा दुसरा कुठला शब्दच नाही, त्यामुळे गोंधळ व्हायला जागा नाही. शिवाय न-ण चा हा फरक म्हणजे अडाणीपणा नव्हे, अनेकांच्या घरच्या बोलीचा तो नियमित उच्चार आहे. त्यावरून माणसाची अक्कल मोजणं आणि तळहाताच्या रेषांवरून नशीब मोजणं, दोन्ही सारखंच निराधार. (नावात एक जादा 'ए' घालून भाग्य उजळवणाऱ्या अंकशास्त्र्यांचंही तेच. त्या 'ए'ने आधार आणि पॅनवरची नावं जुळेनाशी होतात, एवढा परिणाम मात्र खात्रीचा.) मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये ८३ जणांना चुका असलेले ईमेल वाचायला दिले. व्याकरणाच्या चुकांवरून लिहिणाऱ्याला जास्त कमी लेखलं ते स्वभावाने कमी जुळवून घेणाऱ्यांनी.

आता शिल्लक संपते ती जागा. आजोबांना डॉक्टरांकडे नेऊन आल्यावर आत्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं : 'आजोबांना रात्री आधी गोळी द्या मग दूध.' वाक्य निर्दोष. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, न-ण बरोबर, शुद्धलेखनाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. तिला लिहायचं होतं 'अर्धी'. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी त्याच दिवशी निम्मी केली होती. रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी उमटवणाऱ्या कीबोर्डवर 'आर' दाबायचा राहिला आणि रफार गेला. 'अर्धी' आणि 'आधी' दोन्ही त्या जागी चपखल बसतात. आजूबाजूचा एकही शब्द चूक दाखवत नाही, उलट 'मग दूध' चुकीलाच दुजोरा देतो. माझा चुलतभाऊ नेहमीची अख्खी गोळी हातात घेऊन उभा होता, तेवढ्यात आत्याचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला म्हणून कळलं.

म्हणजे सोसायटीने ज्या निरोपाला झोडपलं त्यात तीन चुका होत्या आणि धोका शून्य. आत्याच्या निरोपात अशुद्ध असं काहीच नव्हतं.

अनुस्वाराचंही असंच. पूर्वी 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असं लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये मान्य झाले, आणि उच्चारात नसलेले ते ठिपके गेले. कुणाचं काही अडलं नाही, ती निव्वळ शिल्लक होती. पण जो ठिपका राहिला त्याला काम आहे : 'घरात' एकाच घरात, 'घरांत' अनेक घरांत. 'मुलाचा दाखला आणा' आणि 'मुलांचा दाखला आणा' यांत शाळेची एक खेप वाढते. हा ठिपका मी कधीही गाळत नाही.

आणि आकडे! मोबाइल नंबरच्या दहा अंकांत पहिला ६ ते ९ पैकी, म्हणजे २ बिट. उरलेल्या नवांत प्रत्येकी सुमारे ३.३ बिट. एकूण सुमारे ३२ बिट आणि शिल्लक काहीच नाही. एक अंक चुकला की फोन तिऱ्हाइताला. आधार क्रमांकात मात्र शिल्लक मुद्दाम ठेवलीय. त्याचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून व्हेरहॉफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढतात, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की संगणक तो क्रमांक तिथेच नाकारतो.

आत्याने हे गणित कधी वाचलेलं नाही. पण परवा तिचा निरोप आला : 'आजोबांना अर्धी गोळी, १/२, मोडून द्या. उरलेला तुकडा डबीत ठेवा.'