स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही हो!
व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने चालवलेला कॉम्प्युटर) बॅकअप फेल झाला की बरेच जण म्हणतात, "असू दे, स्नॅपशॉट आहे ना". हा गैरसमज खूप जुना आहे, आणि खरंच महागात पडतो. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची वेगळी कॉपी नसते, तो घेतला की मूळ डिस्क तशीच थांबते आणि पुढचे बदल डेल्टा फाईलमध्ये जातात, म्हणजे मूळ डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला. व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारं व्हीएमवेअर स्वतःच सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

उलट बॅकअप फेल होण्यामागे कितीदा स्नॅपशॉटच असतो! बॅकअप सॉफ्टवेअर तात्पुरता स्नॅपशॉट घेतं, बॅकअपचा जॉब मधेच तुटला की तो स्नॅपशॉट तसाच मागे राहतो, डेल्टा फुगत जाते, डेटास्टोअर (व्हीएमच्या फाईल्स ठेवायची जागा) भरतो, मग पुढचा जॉबही फेल. म्हणून आधी डेटास्टोअरमधली मोकळी जागा बघा आणि 'कन्सोलिडेशन नीडेड' (डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळायचा राहिलाय, असा इशारा) दिसतंय का ते बघा. डेल्टा फाईल मात्र हाताने डिलीट करू नका, प्लीज.