अकिरा: उलटी केलेली पानं आणि दहा वर्षं सरकवलेला स्फोट

अकिरा म्हटलं की बहुतेकांना ती लाल मोटारसायकल आठवते, आणि आठवते ती 1988 च्या चित्रपटातली. त्या वेळी मूळ चित्रकथा संपलीसुद्धा नव्हती. डिसेंबर 1982 मध्ये ती एका जपानी नियतकालिकात सुरू झाली आणि जून 1990 पर्यंत चालली. सहा खंड, दोन हजारांवर पानं.

या कथेची ओढ समजून घ्यायची तर पहिल्याच पानापासून सुरुवात करावी लागते. 6 डिसेंबर 1982, दुपारी 2 वाजून 17 मिनिटांनी टोकियोवर नव्या प्रकारचा बॉम्ब पडतो. म्हणजे वाचकाच्या हातात अंक होता त्याच महिन्यात, तो राहत होता तेच शहर कागदावर नाहीसं झालं. पुढची कथा 2019 मध्ये, स्फोटानंतर नव्याने उभारलेल्या निओ-टोकियोत घडते.

हिरोशिमाची सावली तर आहेच. पण चित्रकार 1954 चा, म्हणजे युद्धानंतर जन्मलेला. त्याच्या पिढीने पाहिलं ते ढिगाऱ्यांवर उभं राहणारं टोकियो, 1964 चं ऑलिम्पिक, साठच्या दशकाच्या शेवटी पोलिसांशी भिडलेले विद्यार्थी आणि सत्तरच्या दशकात रात्री रस्ते दणाणून सोडणाऱ्या बाइकवाल्या टोळ्या. निओ-टोकियोत हे सगळं एकाच वेळी चाललेलं दिसतं. 2020 च्या ऑलिम्पिकची बांधकामंही तिथे सुरू आहेत. चित्रकथेत तिसऱ्या खंडाच्या शेवटी हे शहर पुन्हा उद्ध्वस्त होतं. आधीची पानं दडपशाहीच्या राजवटीची आहेत, नंतरची ढिगाऱ्यात जगणाऱ्यांची. चित्रपटात हा दुसरा भाग जवळजवळ नाहीच, आणि माझ्या मते अकिराची खरी ताकद तिथेच आहे. परदेशी मदत पथकं येतात, तेव्हा बाइकवाल्या टोळीचा म्होरक्या कानेदा आणि त्याची पोरं त्यांना हाकलून लावतात. स्वतःचं राष्ट्र जाहीर करणारी ती पोरं विसरता येत नाहीत.

वाद झाला तो 1988 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी आवृत्तीवर. एका बड्या कॉमिक प्रकाशकाने 38 अंकांत ती काढली आणि त्यासाठी तीन गोष्टी बदलल्या.

पानं आरशात पाहावीत तशी उलटी छापली. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात, इंग्रजी डावीकडून. सगळं पानच फिरवलं की गाडीच्या वेगाची दिशा आणि वाचणाऱ्या डोळ्यांची दिशा जुळलेली राहते. या युक्तिवादात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण उजवे लोक डावखुरे झाले. जपानमध्ये आपल्यासारखीच वाहनं डाव्या बाजूने चालतात, ती उजव्या बाजूला गेली, आणि टोकियोचे रस्ते अमेरिकेतले वाटू लागले. देवनागरीत कुणी अकिरा आणायची ठरवली तर हाच पेच पडेल.

मग रंग भरले, तेही संगणकावर. कॉमिकच्या जगात तेव्हा ही फार नवी गोष्ट होती. रंगकर्मीची निवड मूळ चित्रकारानेच केली होती, त्यामुळे हा बदल त्याच्यावर लादला गेला असं म्हणता येत नाही. रात्रीच्या शहराचे दिवे त्यात सुंदर उजळलेही. तरीही ढिगाऱ्यांच्या पानांवर बारीक काळ्या रेघांनी उभा केलेला काँक्रीटचा चुरा रंगाखाली दबतो. ती पानं काळ्या-पांढऱ्यातच पाहावीत.

तारखेच्या बदलाबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं, आणि मला तोच सगळ्यात जास्त खुपतो. स्फोट 1992 वर नेला आणि 2019 चं 2030 केलं. बॉम्ब पुन्हा भविष्यात, सुरक्षित अंतरावर गेला.

2000 नंतरच्या इंग्रजी खंडांत रंग काढले, पानं मात्र उलटीच ठेवली. मूळ दिशेचा देखणा संच थेट 2017 मध्ये आला.

दरम्यान 2013 मध्ये टोकियोला खरोखरच 2020 चं ऑलिम्पिक मिळालं होतं. चित्रपटात एका फलकावर ‘ऑलिम्पिकला 147 दिवस बाकी’ असं लिहिलेलं आहे आणि खाली कुणीतरी ‘रद्द करा’ म्हणून खरडलं आहे. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस खऱ्या उद्घाटनालाही 147 दिवस उरले, तेव्हा जपानी लोकांनी तो फलक एकमेकांना पाठवला. महिनाभरातच स्पर्धा पुढे ढकलली गेली. जुन्या इंग्रजी पानांत मात्र निओ-टोकियोचं साल 2030 च आहे.