पल्ल्याचा अंदाज (विद्युत मोटार)

विद्युत मोटारीच्या बॅटरीत उरलेल्या विजेवर गाडी आणखी किती किलोमीटर जाईल, याचे आगाऊ काढलेले उत्तर म्हणजे पल्ल्याचा अंदाज. बोलण्यात त्याला ‘रेंज’ असेच म्हणतात. शोरूममध्ये सांगितली जाणारी रेंज, गाडीच्या पडद्यावर दिसणारी रेंज आणि गोव्याच्या एका टोकाच्या पेडण्याहून दुसऱ्या टोकाच्या काणकोणला जाऊन आल्यावर प्रत्यक्ष पदरी पडलेली रेंज असे तीन वेगवेगळे आकडे असतात. गाडीने फसवल्याच्या बऱ्याच तक्रारी या तिघांची गल्लत झाल्याने होतात.

या नोंदीतला हिशेब युनिटमध्ये मांडला आहे. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास, आणि बॅटरीची क्षमताही त्याच मापात सांगितली जाते. पेट्रोलच्या गाडीला ‘लिटरला किती ॲव्हरेज देते’ असे विचारतात, तसे विद्युत गाडीला ‘युनिटला किती किलोमीटर’ असे विचारावे. चार-पाच माणसांच्या मध्यम आकाराच्या गाडीसाठी सपाट रस्त्यावर, मध्यम वेगाने, युनिटला 7 किलोमीटर हे धरून चालण्याजोगे प्रमाण आहे.

प्रमाणपत्रावरचा आकडा. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांची रेंज चाचणीगृहात, रोलरवर गाडी चालवून मोजली जाते. त्यासाठी ठरवून दिलेल्या चालचक्राला, म्हणजे कधी किती वेगाने चालवायचे याच्या आराखड्याला, एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) म्हणतात (महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींशी त्याचा संबंध नाही). त्याच्या शहरी भागात वेग ताशी 50 किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी जेमतेम 19 पडते; शहराबाहेरच्या भागात कमाल वेग 90 असतो. एसी बंद, रस्ता सपाट, वारा नाही. अशा चाचणीतून मोठा आकडा निघतो यात नवल नाही. युरोपात 2017 पासून डब्ल्यूएलटीपी ही अधिक कडक पद्धत आली. अमेरिकेत तर चाचणीगृहातला आकडा सहसा 0.7 ने गुणूनच गाडीवर छापतात.

आपल्याकडेही कंपन्या हळूहळू दुसरा आकडा सांगू लागल्या आहेत. टाटा मोटर्सने 2024 मध्ये कर्व्ह ईव्ही आणताना 55 युनिट बॅटरीच्या गाडीसाठी प्रमाणित पल्ला 585 किलोमीटर सांगितला आणि सोबत ‘सी 75’ म्हणून 400 ते 425 किलोमीटर असाही आकडा दिला. 75 टक्के ग्राहकांना मिळू शकेल तो हा पल्ला. पहिल्या आकड्यात युनिटला साडेदहा किलोमीटर पडतात, दुसऱ्यात साधारण साडेसात. ग्राहकाने गाडी दुसऱ्या आकड्यावरच पारखावी आणि विक्रेत्यानेही तोच आधी सांगावा, असे नोंदकाराचे स्पष्ट मत आहे.

पडद्यावरचा आकडा. गाडीतला संगणक बॅटरीत उरलेली वीज घेतो आणि अलीकडच्या काही किलोमीटरांत झालेल्या सरासरी खर्चाने तिला भागतो. अलीकडचे म्हणजे किती, आणि हिशेबात त्याला महत्त्व किती, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. नकाशा आणि चढ-उतार जमेस धरणाऱ्या गाड्या सोडल्या, तर हा आकडा मागे बघून पुढचे सांगतो. मागचा रस्ता आणि पुढचा रस्ता सारखा असेल तोवर तो चांगला जुळतो. रस्ता बदलला की चुकतो. 2010 च्या निसान लीफच्या चालकांनी त्याला ‘गेस-ओ-मीटर’ हे नाव दिले ते याच स्वभावामुळे.

गोव्याहून बेळगावला जाताना लागणाऱ्या चोर्ला घाटात हा स्वभाव स्वच्छ दिसतो. साखळीवरून घाटाच्या पायथ्याशी, केरीला पोहोचलेल्या गाडीत 30 युनिट वीज उरली आहे आणि ती आतापर्यंत युनिटला 7 किलोमीटर देत आली आहे असे समजू. पडद्यावर 210 किलोमीटर दिसतील. आता माणसे आणि सामान धरून 1,800 किलो वजनाची ही गाडी पुढच्या 15 किलोमीटरांत सुमारे 700 मीटर वर चढणार. नुसते वजन वर उचलायला 3.4 युनिट लागतात. मोटरमधली घट धरली तर 4. रस्ता कापण्याचे नेहमीचे 2 वेगळे. म्हणजे माथ्यावर 24 युनिट उरतात आणि त्या चढापुरते ‘ॲव्हरेज’ अडीच किलोमीटरवर येते. संगणकाने सरासरीत या ताज्या खर्चाला एक तृतीयांश महत्त्व दिले, तर पडदा म्हणेल 105 किलोमीटर. पंधरा किलोमीटर चाललो आणि रेंज बरोब्बर निम्मी झाली! मागच्या सीटवरून ‘परत फिरूया का रे?’ असा प्रश्न नेमका इथे येतो. वास्तविक बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, म्हणजे पुढे मोठा चढ उरलेलाच नाही, आणि 24 युनिटांत सपाटीवर 168 किलोमीटर होतात. थोडे पुढे गेले की पडद्यावरचा आकडा चालता चालता वाढू लागतो.

परतीची चूक याच्या उलट आणि जास्त धोक्याची आहे. उतारावर पाय उचलला की मोटर उलट काम करून वीज बनवते. चढताना गेलेली सगळी नाही, पण बरीचशी परत येते. त्या उताराचा खर्च जवळपास शून्य असल्याने केरीला पोहोचेपर्यंत पडदा फुगलेला असतो. त्या आकड्यावर विसंबून डिचोलीचा चार्जर सोडून पुढे गेलेल्या माणसाला पणजीच्या वाटेवर तो भराभर उतरताना दिसतो. चढावरची चूक नुसती घाबरवते, उतारावरची चूक मात्र रस्त्यात उभे करू शकते. आंबोली आणि अनमोड घाटांनाही हेच लागू आहे. आणखी एक गोष्ट: घाटमाथ्यावर मुक्काम करून गाडी शंभर टक्के चार्ज केली आणि लगेच खाली उतरू लागलो, तर उतारावर बनणारी वीज साठवायला बॅटरीत जागाच नसते.

हवा, पाऊस, वेग. एएए या अमेरिकी वाहनचालक संघटनेने 2019 मध्ये केलेल्या चाचणीत उणे 7 अंश सेल्सियसला हीटर लावल्यावर पल्ला 41 टक्क्यांनी घटला, तर 35 अंशांना एसी लावल्यावर 17 टक्क्यांनी. गोव्याला पहिल्या आकड्याची चिंता नाही. दुसरा मात्र इथे वर्षभर लागू असतो, कारण आपली हवा दमट आहे आणि एसीला हवेतला ओलावाही काढावा लागतो. एसी तासाला एक युनिट घेतो असे धरा. पणजीच्या गर्दीत ताशी 20 च्या सरासरीने चालताना युनिटचे 7 किलोमीटर 5 वर येतात. राष्ट्रीय महामार्ग 66 वर ताशी 60 ने जाताना तेच सव्वासहावर थांबतात. एसीचा खर्च तासाला असतो, किलोमीटरला नाही. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीसाठी अर्धा तास काचा लावून बसलेली गाडी जागची न हलता साडेतीन किलोमीटरांची वीज खाते.

वेगाचे गणित उलट चालते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी 60 ऐवजी 90 ने गेल्यास तो सव्वादोन पट होतो. झुआरीच्या नव्या पुलावर आणि अटल सेतूवर मोकळा रस्ता मिळाला की ही किंमत मोजावी लागते. पावसाळ्यात चाकांना रस्त्यावरचे पाणी सारत जावे लागते आणि काचेवरची वाफ घालवायला एसी चालू राहतो, त्यामुळे जूननंतर पल्ला थोडा उतरतो. टायरमधली हवा कमी असेल तर तेही त्यात भर घालते.

भाड्याच्या गाड्या. नव्या पर्यटक गाड्या जानेवारी 2024 पासून विद्युतच असतील, अशी घोषणा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जुलै 2023 मध्ये केली होती. रेंट-अ-कॅबच्या गाडीत पल्ल्याचा अंदाज सर्वांत अविश्वसनीय असतो, आणि याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. मोपा विमानतळावर हाती आलेल्या गाडीचा पडदा आधीच्या भाडेकऱ्याच्या चालवण्यावरून बोलत असतो. तो जोरात हाकणारा असेल तर आकडा पडलेला, सावकाश चालवणारा असेल तर चढलेला. नव्या चालकाचे दहा-वीस किलोमीटर झाल्याशिवाय तो आकडा त्याचा होत नाही. गाडी देणाऱ्यांनी चावीसोबत ‘टक्के बघा, किलोमीटर बघू नका’ एवढे सांगितले तरी पर्यटकाचा पहिला दिवस सुखाचा जाईल.

टक्केही पूर्णपणे निर्दोष नसतात. बॅटरीत किती वीज उरली हे थेट मोजता येत नाही. व्होल्टेज पाहून आणि आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करून ते ठरवतात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत मधल्या बऱ्याच टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ बदलतच नाही, म्हणून सगळी भिस्त त्या बेरजेवर राहते आणि तिच्यात बारीक चुका साचत जातात. अशी गाडी ठरावीक काळाने शंभर टक्के चार्ज करा असे कंपन्या सांगतात त्याचे हे एक कारण. पूर्ण भरल्यावर हिशेब पुन्हा जुळतो. शिवाय वर्षांगणिक बॅटरीची क्षमताही थोडी कमी होत जाते.

गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 105 किलोमीटर. राज्याच्या आत फिरणाऱ्या माणसाला, रात्री घरी चार्जिंगची सोय असेल तर, अंदाजातली 20 टक्क्यांची चूकही सहसा अडवत नाही. तरीही अनेक जण केवळ भीतीपोटी मोठ्या बॅटरीला काही लाख रुपये जास्त मोजतात. गाडी घेतल्यावर दोन-तीन आठवडे स्वतःचे ‘युनिटला किती’ एका वहीत लिहून ठेवावे: घर ते कचेरी वेगळे, महामार्ग वेगळा, घाट वेगळा, पावसातले वेगळे. बेळगावला किंवा कोल्हापूरला निघताना ती वहीच उघडावी.